स्वादुपिंडाच्या जुनाट आजारातून आलेला मधुमेह : या चुका टाळा

स्वादुपिंडाचा दाह वर्षानुवर्षे चालू राहिला की तिथल्या मऊ पेशींची जागा हळूहळू चिवट तंतू घेतात. आधी पाचकरस बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि पुढे त्याच तंतूंच्या विळख्यात इन्सुलिन तयार करणारे पेशींचे पुंजके, म्हणजे लँगरहान्सची बेटेही सापडतात. अशा मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. तरीही पोटदुखीच्या तपासण्यांची जाडजूड फाइल समोर असताना केसपेपरवर टाइप २ लिहून मोकळे होण्याची घाई सर्रास दिसते.

त्या घाईपाठोपाठ वजन उतरवण्याचा आणि स्निग्ध पदार्थ तोडण्याचा ठरावीक सल्ला येतो. अन्न पचत नसल्यामुळे ज्याचे वजन आपोआप घसरत आहे, त्याला त्याबद्दल शाबासकी दिलेली पाहिली की मला राग येतो. शौच तेलकट, फिकट आणि फार दुर्गंधीयुक्त होते का, पाणी टाकूनही चिकटून राहते का, हे मी साखरेच्या आकड्याआधी विचारते. शंका वाटल्यास मळातील इलास्टेज (स्वादुपिंडात बनणारे एक पाचक एन्झाइम) तपासावे. ते प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर पाचकरस अपुरा पडत असण्याची शक्यता असते, मात्र पातळ जुलाबाच्या नमुन्यात हा आकडा फसवा निघतो. रक्तातील लायपेज (स्निग्ध पदार्थ पचवणारे एन्झाइम) नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होणे ही तर हमखास चूक आहे, कारण झिजलेल्या स्वादुपिंडात ते वाढण्याइतके उरलेलेच नसते.

दुसरी चूक पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलची. एका गृहस्थांची साखर जेवणानंतर पन्नाशीपर्यंत घसरायची, म्हणून इन्सुलिन कमी केले जाई. मग ती तीनशेवर गेली की पुन्हा वाढवले जाई. हा झोका बराच काळ चालला. कॅप्सूल कधी घेता, असे विचारल्यावर ते सहज म्हणाले, "सकाळी उठल्यावर, सगळ्या एकदम. दिवसभराची कटकट मिटते." म्हणजे इन्सुलिन जेवणाच्या हिशेबाने टोचले जात होते आणि जेवण मात्र धड पचत नव्हते. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर आणि मोठे जेवण असल्यास उरलेल्या मध्यावर घ्याव्यात, चावू नयेत. असे सुरू केल्यावर अन्न अंगी लागते आणि साखर चढू शकते. तेव्हा कॅप्सूलला दोष न देता डॉक्टरांकडून इन्सुलिनचा डोस नव्याने ठरवून घ्यावा.

या मधुमेहात साखर घसरणे अधिक घातक ठरते, कारण ती सावरणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही त्याच बेटांतून येते आणि तेही आटलेले असते. म्हणून "आकडा लवकर खाली आणा" असा हट्ट धरणाऱ्या नवख्यांना मी आधी ग्लुकोज जवळ बाळगायला, रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासायला आणि जेवण न टाळायला शिकवते.

जीएलपी-१ गटातील (भूक आणि साखर कमी करणारी, बहुधा इंजेक्शनने घ्यायची) औषधे इथे सहसा टाळली जातात; शेजाऱ्याला मानवलेले इंजेक्शन स्वतःसाठी मागू नये. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. "प्रमाणात" हा शब्द मी ऐकून घेत नाही. मधुमेह अजून झालेला नसला, तरी स्वादुपिंडाचा जुनाट दाह असलेल्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) दरवर्षी तपासावे. पन्नाशीनंतर मधुमेह नव्याने निघाला आणि वजनही झपाट्याने उतरू लागले, तर औषधे बदलत बसण्याआधी स्वादुपिंडात गाठ नाही ना, हे स्कॅन करून पाहावे.