खोदायचं नाही म्हटलं की लेव्हल चढते

व्हीलचेअर जाईल अशी वाट आखताना १:२० चा चढ (२० मीटरला १ मीटर), १:१२ चा रॅम्प, वळायला दीड मीटर हे सगळं तुम्हाला पाठ असेलच. मोठं झाड वाटेत आलं की खरी गंमत सुरू होते.

आधी मुळांची हद्द काढा. ब्रिटिश मानक बीएस ५८३७ चा हिशोब सोपा आहे: दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याला बाराने गुणा. ६० सेंटिमीटरचं खोड म्हणजे खोडाभोवती ७.२ मीटर त्रिज्येची हद्द. "मुळं खोल असतात, घाबरू नकोस" असं सांगणारे सिनिअर भेटतील. मान डोलवा आणि सोडून द्या. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात.

म्हणून या हद्दीत खोदाई नाही. जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), त्यावर जिओसेल (मधाच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी), त्यात चुरा नसलेली खडी आणि वर पाणी झिरपेल असा पक्का थर. इथवर सगळे येतात.

मी अडकले ती पुढची जागा. हा सगळा थर सहज १५ सेंटिमीटर होतो, म्हणजे वाट तेवढी वर येते. १:२० ने तेवढं चढायला ३ मीटर लागतात आणि ते ३ मीटर हद्दीच्या बाहेर मिळायला हवेत. फाटक हद्दीतच असेल तर उंबऱ्याशी पायरी तयार होते. मग साइटवर कुणीतरी म्हणतंच, "थोडंसं खरवडून घेऊ." ते थोडंसं म्हणजेच मुळं. शिवाय कडेच्या कर्बसाठी (काठाच्या दगडासाठी) चर मारला, तर खोदाई टाळल्याचं सोंगच उरलं. कर्बऐवजी खुंट्यांवर लाकडी फळी ठोका, खुंटीला मूळ लागलं तर खुंटी सरकवा. वाट वर आल्याने कडेला पडलेला खड्डा भरायला माती टाकाल, तर ती खोडाला टेकू देऊ नका.

जुन्या प्रोजेक्टचं सेक्शन (थरांचं छेदचित्र) उचलून चिकटवणं बंद करा. लेव्हल दर वेळी नव्याने घ्याव्या लागतात.

एवढं वाचून धास्ती घेऊ नका. बहुतेक वेळा वाट दोन-तीन मीटर सरकवली की प्रश्न मिटतो, आणि ते कागदावर फुकट होतं. सरकवायला जागाच नसेल तर स्क्रू पाइलवर (जमिनीत पिळून बसवलेल्या लोखंडी खांबांवर) उचललेला डेक करा. पाइलची प्रत्येक जागा आधी हाताने उकरून बघा आणि जाड मूळ दिसलं तर पाइल हलवा. मात्र डेकला कडेने उंच पट्टी हवीच, नाहीतर चाक घसरतं.

आणि जेसीबी यायच्या आधी मुळांच्या हद्दीला कुंपण घाला, नंतर नाही. माती दबायला त्याच्या दोन-चार फेऱ्या पुरतात.