निसर्ग-इतिहास संग्रहालयात काम करायचंय? थोडं जळगावहून

खानदेशात प्राणिशास्त्र नाहीतर भूशास्त्र घेतलेल्या पोराला घरचे दोनच रस्ते दाखवतात: बी.एड. नाहीतर एमपीएससी. संग्रहालयातही काम असतं, हे कोणी बोलत नाही. मी जळगावात एका कॉलेजचा नमुनासंग्रह सांभाळत आणि गावोगाव प्रदर्शनं मांडत हे काम शिकलो.

कपाट मांडण्याआधी लोकांत उभं राहा. रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी सापाच्या बरणीपुढे हमखास थांबतो. त्याला लॅटिन नाव नको असतं. रात्रीच्या लाइटवर पाणी भरायला जाताना बांधावर दिसतो तो हाच का, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून मण्यार आणि बिनविषारी कवड्या शेजारी-शेजारी ठेवा. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. खाली मोठ्या अक्षरात लिहा: खात्री नसेल तर जवळ जाऊ नका, चावला तर थेट दवाखाना. या दोन बरण्यांपुढे जेवढी गर्दी होते तेवढी पेंढा भरलेल्या गरुडापुढेही होत नाही.

नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी मात्र पाहुण्यांसाठी नसते. तिच्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच. याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून रानपिंगळ्याचे, म्हणजे एका छोट्या घुबडाचे, नमुने गोळा केले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने आपल्याला हा पक्षी 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याचं दाखवलं. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तर तो डेव्हिडसनचाच निघाला. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला! मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांचा माग काढत 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन आणि त्यांचे साथीदार आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पोहोचले, आणि जिवंत रानपिंगळा सापडला. तो नामशेष झाला असावा, असं तोवर अनेकांनी धरलं होतं. शाळेच्या सहलींना मी ही गोष्ट सांगतो. नंदुरबारची पोरं तर ताठच होतात.

दगडांचं कपाट कंटाळवाणं ठरतं, कारण ते कुलूपबंद असतं. जळगाव भागातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिलबाइटचे स्फटिक मिळतात, जगभरचे संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. एक धोंडा टेबलावर उघडा ठेवा, हातात घेऊ द्या. ‘हाई खरं शे का?’ असं कोणी विचारलं की समजा, गप्पा सुरू झाल्या.

बाकी कामाला झगमगाट नाही. पक्ष्याच्या नमुन्याखाली बारीक भुकटी दिसली की कीड लागली समजा. तो लगेच वेगळा काढा. जुन्या वाड्यातून कोणी बिबट्याचं मुंडकं भेट द्यायला आलं तर हुरळू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे अशी वस्तू घ्यायच्या आधी वनविभागाशी बोलावं लागतं.

शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे. सुरुवातीला पगार बेताचा, बहुतेक कंत्राटी. अर्जासोबत टक्केवारी पाठवालच, पण स्वतः लिहिलेल्या दोन-चार माहितीपट्ट्याही जोडा. मी नवा माणूस घेताना आधी त्याच वाचतो.