मोटारीच्या दाराचे तुटलेले आतले हँडल पत्र्यातून घडवताना

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहूनही कितीतरी जास्त उष्णता साठते. वर्षानुवर्षे अशी उष्णता आणि ऊन सोसून आतले प्लास्टिक ठिसूळ होते व दाराचे हँडल बहुधा ते ज्या पिनीवर फिरते तिच्याजवळच्या मानेत तुटते. मूळ सुटा भाग दुकानात मिळत असेल तर तोच घ्यावा. जुन्या गाडीचा तो मिळेनासा झाला असेल, तेव्हा मात्र २ मिमी जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्यातून तो घरी घडवता येतो. एक मर्यादा आधीच पाळावी: एअरबॅगचे झाकण, स्टिअरिंगभोवतालचे भाग आणि अपघातात डोके किंवा गुडघा जिथे आदळू शकतो असे भाग धातूचे करू नयेत, कारण तिथले प्लास्टिक धक्का बसताच दबावे किंवा सुटावे अशाच हेतूने घडवलेले असते. दारातच एअरबॅग असेल, तर त्या दाराचे पॅनेल काढण्याच्या भानगडीत पडू नये.

दाराचे आतले पॅनेल काढताना त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात. त्या किंचित कोमट असताना ओढल्यास वाकतात आणि वाचतात, म्हणून थंडीच्या सकाळी हे काम न करता गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून करावे. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाडू नये. दारात शिरणारे पावसाचे पाणी आणि धूळ तोच अडवतो.

तुटलेले तुकडे फेकून न देता जोडून पुठ्ठ्यावर ठेवावेत आणि बारीक पेन्सिलीने त्यांची कड गिरवावी. तुकडे हरवले असतील, तर गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच दाराच्या हँडलवरून साचा घेता येतो. मात्र ते आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे असते, हे विसरू नये. माझा पहिला तुकडा याच चुकीमुळे वाया गेला: कापणे, कानस मारणे, भोके पाडणे असे सगळे झाल्यावर मी पत्रा नेमका उलट्या बाजूला वाकवला होता. तेव्हापासून मी साच्यावर ‘वरची बाजू’ असे लिहून वाकवण्याच्या दिशेचा बाणही काढतो. सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे पिनीच्या भोकापासून कुलपाकडे जाणारी सळई अडकते त्या भोकापर्यंतचे अंतर. ते कमी भरले, तर हँडल पूर्ण ओढूनही सळई पुरेशी सरकत नाही आणि दार उघडत नाही.

कापायला हॅकसॉचे इंचाला ३२ दात असलेले पान घ्यावे, कारण पातळ पत्र्यावर जाड दात अडकतात आणि कड फाटते. भोके पाडताना पत्रा हातात धरू नये. ड्रिल आरपार निघण्याच्या क्षणी पत्रा बिटाबरोबर गरकन फिरतो आणि बोटे कापतात, म्हणून तो लाकडी ठोकळ्यावर क्लॅम्पने आवळावा. काटकोनात वाकवताना आतली गोलाई साधारण २ मिमी ठेवावी. अशा वेळी दोन्ही बाजूंची बाहेरून घेतलेली मापे नुसती बेरीज करून कापली, तर तुकडा सुमारे साडेतीन मिमी लांब होतो. तेवढी लांबी आधीच वजा करावी. वाकवण्याची रेघ पेन्सिलीनेच आखावी, कारण टोकदार सुईने ओरखडलेल्या रेघेवर पत्रा पुढे तडकू शकतो.

२ मिमी पत्र्याचे नुसते भोक पिनीवर डगमगते आणि लवकर झिजते. तिथे छोटा पितळी बुश (पिन ज्यात फिरते ती आखूड पोकळ नळी) ब्रेझिंग करून, म्हणजे वितळवलेल्या दुसऱ्या धातूने जोडून, बसवावा. आपल्याकडे यंत्रमागांमुळे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीच्या परिसरात अशी बारीक लेथकामे परकी नाहीत. पिन आणि तुकडा दोन्ही सोबत न्यावेत, केवळ माप सांगून काम देऊ नये.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धातूचे हँडल तुटत नाही, म्हणून जो जोर पूर्वी त्याला मोडत होता, तो आता पिन धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या घरावर येतो. ते घर फुटले, तर सगळा खटाटोप व्यर्थ. म्हणून पिनीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर घालावेत, घराच्या मागे रुंद पत्र्याची पट्टी लावून भार पसरवावा आणि स्क्रू इतकेच आवळावेत की प्लास्टिक दबू नये.

सर्व कडा कानशीने गोल करून, शेवटी पॉलिश पेपरने घासून त्यांवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला जिथे खरखर लागेल, तिथे घाईत दार उघडणाऱ्याचा हात कापेल. त्यावर प्राइमर आणि रंग द्यावा. पकडीच्या भागावर रबरी नळीचा तुकडा किंवा उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी, कारण उन्हात तापलेल्या उघड्या लोखंडाने हाताला चटका बसतो.

पॅनेल लावण्यापूर्वी दार उघडेच ठेवून कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी आणि हँडल ओढून ती सुटते का, हे निदान पन्नास वेळा पाहावे. सोडल्यावर हँडल स्प्रिंगच्या जोराने पूर्ण मागे आले पाहिजे. ते कुठे घासून अर्ध्यावर अडकले, तर दार नीट लागत नाही आणि चालत्या गाडीत उघडण्याचा धोका राहतो. त्यानंतर काच उघडी ठेवून दार लावावे, आत बसून पुन्हा तपासावे, आणि मगच पॅनेलच्या क्लिपा दाबाव्यात.