एमजीबीच्या उंबऱ्यातला लपलेला गंज घरच्या गॅरेजमध्ये कसा काढावा

आमच्या एमजीबी जीटीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, दाराखाली रंगाला तांदळाच्या दाण्याएवढा फोड आला होता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून जरा दाबलं, तर अख्खं पातं आत गेलं. आत जुना सडलेला पत्रा, त्यावर कुणीतरी वेल्ड केलेला नवा पत्रा, त्यावर बोटभर जाड लांबी (पुटी) आणि सगळ्यात वर चकचकीत रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा. आधीच्या मालकाने एका गॅरेजला पैसे मोजून हे करून घेतलं होतं, याचा मला आजही राग येतो. गंजावर पत्रा झाकला की पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये अडकतं आणि सडणं आणखी वेगाने चालू राहतं.

हा लेख त्या जागेबद्दल आहे. इंग्लंडमध्ये तिला सिल म्हणतात. मी उंबराच म्हणतो, कारण दाराखाली असते ती तीच.

ही जागा एवढी महत्त्वाची का

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती. ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. बी-ला नाही, तिची बॉडी हाच सांगाडा आहे. उघड्या रोडस्टरला तर वर छप्परही नसतं, त्यामुळे पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी जोडून धरण्याचं बरंचसं काम या दोन उंबऱ्यांवर येतं.

उंबरा म्हणजे एक पत्रा नव्हे, चार पत्र्यांची पेटी आहे. आतला सिल, बाहेरून दिसणारा सिल, दोघांच्या मध्ये उभा पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या घडीचा लांब पत्रा, ज्याला सगळे कॅसल सेक्शन म्हणतात. बाहेरचा सिल दोन्ही टोकांना मडगार्डांच्या मागे लपलेला असतो. गंजाची सुरुवात नेमकी तिथेच होते. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत एक आडवा पत्रा आणि त्याला रबराची पट्टी असते. रबर कडक झालं की चाकाने उडवलेला चिखल पट्टीमागे जाऊन उंबऱ्याच्या टोकावर बसतो. हिवाळ्यात त्यात मीठ मिसळतं. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं हे मीठ बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकतात. खारट चिखल महिनोन्‌महिने ओला राहतो. माझं बालपण रत्नागिरीला गेलं. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचं काय होतं ते पाहिलेलं होतं, पण इथे तो वारा पेटीत कोंडल्यासारखा आहे.

आधी नीट शोधा

गाडी सपाट जागी, चाकांवर उभी असताना दाराच्या फटी बघा. मग दार बंद ठेवून त्या बाजूला जॅक लावा आणि फट पुन्हा बघा. ती बदलली, दार घासायला लागलं, तर पेटीत जोर उरलेला नाही. आतून कुरकुर ऐकू आली तर जॅक लगेच खाली घ्या.

त्यानंतर कार्पेट काढून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने उंबऱ्यावर वीत-वीत अंतराने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी आहे. शिवणी फुगल्या आहेत का तेही बघा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून स्पॉट वेल्डच्या दोन टाक्यांमधला पत्रा फुगून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं काम बहुतेक आटोपलेलं असतं. मोबाइलला जोडायचा तपासणी कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. तो पाणी निचरण्याच्या फटीतून किंवा आतल्या भोकातून सारा. मी तो पहिल्यांदा सारला तेव्हा मधला पडदा दिसायला हवा होता तिथे नुसते पोपडे दिसले.

एक सीमारेषा इथेच आखा. बिजागरीचा खांब किंवा मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या टोकाचा आधार चाळण झाला असेल, किंवा दार आधीच नीट लागत नसेल, तर बॉडी साच्यावर बसवू शकणाऱ्या जाणकाराकडे जा. वेल्डिंग नवं शिकत असाल तर एक हिवाळा निरुपयोगी पत्र्यावर घालवा.

कापण्याआधी

दोन्ही बाजू एकदम कधीही उघडू नका. एक पूर्ण झाली की दुसरी.

गाडी जॅकवर नव्हे, चार भक्कम स्टँडवर उभी करा; वजन चाकांवर असताना जसं पडतं तसंच पडू द्या. पुढे क्रॉसमेंबर या आडव्या तुळईखाली, मागे ॲक्सलखाली. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका बसवा. पाइप आतल्या बाजूने असावा, म्हणजे दार लावून फट तपासता येते. माझ्या अनुभवात या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

आगीचं विसरू नका. बॅटरी सोडवा (१९७४पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन असतात), अल्टरनेटरच्या तारा काढा, पेट्रोलची टाकी उतरवा आणि गाडीखालच्या नळीचा मार्ग शोधून ठेवा. कार्पेट आणि फरशीवरचे डांबरी पट्टे खरवडून काढा. ते आधी धुमसतात, मग पेटतात. अग्निशामक हाताशी ठेवा. दिवसाचं शेवटचं वेल्डिंग झाल्यावर तासभर तिथेच थांबा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा घासताना चांगला मास्क लावा. वेल्डिंगच्या जागी ग्रीस काढायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉसजीन हा जीवघेणा वायू तयार होतो. साधा ॲसिटोन वापरा आणि तो पूर्ण वाळू द्या.

जुनं काढणं

पुढचं मडगार्ड बोल्टांवर असतं. चार-पाच दिवस आधीपासून बोल्टांवर रोज भेदक तेल सोडा. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं आणि त्याचा खालचा भाग उंबऱ्याचं टोक झाकतो. तो दुरुस्तीच्या तुकड्याच्या मापाने कापावाच लागतो. लोक हा भाग टाळायला बघतात, दारापुरताच छोटा पत्रा विकत आणून बसवतात. तसं करू नका. पूर्ण लांबीचा सिल घ्या, कारण सड टोकांनाच असते. ब्रिटिश मोटर हेरिटेजचे पत्रे मूळ साच्यांवर निघतात. फिटिंगच्या तासांत ते वसूल होतात.

बाहेरचा सिल कटिंग व्हीलने लांबीभर कापा. उरलेल्या कडेचे स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या कटरने फोडा, पण फक्त वरच्या पत्र्यापुरते. घाई झाली तर खालचा चांगला पत्राही जातो. मग पडदा, मग कॅसल सेक्शन. आतला सिल खणखणीत असेल तर ठेवा, कुठे विरला असेल तिथे तुकडा लावा. कापायचं कुठवर? चमकता, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत, आणि त्यापुढे बोटभर. विरलेल्या कडेवर वेल्ड धरत नाही, भोक पडतं आणि ते भरता भरता दुसरं पडतं.

उरलेल्या पत्र्याच्या खड्ड्यांतला गंज तारेच्या ब्रशने काढून फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावा, धुवा, वाळवा. जिथे वेल्ड पडणार त्या कडा मात्र उघड्या लोखंडाच्याच ठेवा.

नवा पत्रा बसवणं

सगळं आधी कोरडं जुळवा: क्लॅम्प आणि स्क्रू लावून कॅसल, पडदा, बाहेरचा सिल, वर मडगार्ड. दार लावून फटी बघा, कर्ण मोजा. हे मी पाचदा केलं. पाचव्यांदा दाराची खालची कड सिलला समांतर आली. मग परत सगळं सुटं करायचं, एकमेकांवर बसणाऱ्या कडांना वेल्ड होऊ देणारा जस्ताचा प्रायमर लावायचा आणि कॅसलपासून सुरुवात करायची.

मिग मशीनला (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) ०.६ मिमी तार आणि आर्गॉन–कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या. १ ते १.२ मिमी पत्र्याला हेच सोपं जातं. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला साधारण ३० मिमी अंतरावर ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा. खालच्या पत्र्यावर आर्क सुरू करा आणि गोल फिरवत वर या. कडेला कड जुळते तिथे मात्र ४-५ सेंमीवर टाके घाला, पुढे-मागे उड्या मारत, सेंटिमीटरभराच्या तुकड्यांनी शिवण पूर्ण करा. एका दमात लांब रेघ ओढली तर पत्रा तापून लाटेसारखा वाकतो.

गाडीवर हात घालण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडून व्हाइसमध्ये धरा आणि छिन्नीने सोलून बघा. पत्रा टाक्याभोवती फाटला तर वेल्ड आत गेलंय. टाका खालच्या पत्र्यावरून बटणासारखा अख्खा सुटून आला तर करंट वाढवा. दिसायला सुबक वेल्डही असा सुटतो, म्हणून ही चाचणी दर दिवशी, दर नव्या सेटिंगला करा.

प्रत्येक पत्र्यानंतर पुन्हा दार, पुन्हा कर्ण. बाहेरचा सिल लावण्याआधी थांबा. पेटीचं पोट यापुढे दिसणार नाही, तेव्हा उघड्या भागाला ब्रशने इपॉक्सी प्रायमर द्या, वेल्डच्या कडा सोडून. टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायच्या) रंगाचा फवारा घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला साधा मास्क पुरत नाही.

शेवटी मेण

बाहेर प्रायमर, शिवणींवर सीलर आणि रंग झाला, तो नीट वाळला, की मगच पेटीत मेण मारा. आधी मारलं आणि नंतर वेल्ड केलं, तर ते आतल्या आत पेटतं. वॅक्सॉइल, डिनिट्रॉल, जे मिळेल ते चालेल. उबदार दिवस निवडा, म्हणजे ते पातळ होऊन शिवणीत झिरपतं. लांब नळीचं चारी बाजूंना फवारणारं टोक पार दुसऱ्या टोकापर्यंत घाला आणि फवारत हळू मागे ओढा. पडद्यामुळे पेटीत दोन कप्पे आहेत. दोन्हींत वेगवेगळं मारावं लागतं. खालच्या फटींतून मेण ठिबकू लागलं की पुरे. दुसऱ्या दिवशी त्या फटी तारेने मोकळ्या करा, नाहीतर पाण्याला बाहेरची वाट राहत नाही.

मडगार्डमागची रबरपट्टी नवी लावा. दर वसंतात चाक काढून तिथला चिखल पाइपने धुवा.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी या वार्षिक सुरक्षा तपासणीतून सूट आहे. तरी मी मुद्दाम तपासणी करून घेतली. परक्या डोळ्याखालून माझे टाके जावेत असं वाटत होतं. मग पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री कार्पेट उचलून फरशीवर, उंबऱ्याच्या कडेकडेने हात फिरवला. कोरडं होतं.