वाचनालयांमधली डिजिटल देवाणघेवाण : या चुका टाळा

दर्यापूरच्या वाचनालयातलं जुनं पुस्तक धारणीच्या वाचकाला हवंय. एसटीनं पाठवण्यापेक्षा मोबाइलवर स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर टाकलं की झालं. पुस्तक आपलंच, मग हरकत कोणाची? इथंच गफलत होते. विकत घेतली ती एक प्रत आपली. मजकुराच्या प्रती काढून वाटण्याचा हक्क लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडेच राहतो.

‘ग्रंथालयांना कायद्यात सूट आहे’ हे वाक्य बैठकीत हमखास निघतं. सूट आहे, पण अरुंद. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७, कलम ५२. आपल्याकडे छापील प्रत असेल, तर विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ही सोय २०१२ च्या दुरुस्तीनं आली. तीच फाइल दहा वाचनालयांच्या ग्रुपवर टाकली, तर ते जतन उरत नाही. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. आपल्या तालुक्यात मिळत नाही, एवढ्यावर मात्र हे भागत नाही.

एका ठिकाणी कायदा खरंच उदार आहे आणि तिकडे कोणी फिरकत नाही. दृष्टिबाधित वाचकांसाठी ब्रेल, ऑडिओ अशी वाचता येईल ती प्रत करता येते, वाटताही येते. अट एवढीच, की नफा नको आणि ती प्रत इतरांच्या हाती जाऊ नये.

मुदतीचा हिशेबही अंदाजानं होतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले; त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मुक्त आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं किंवा अनुवाद यांचा हक्क मात्र वेगळा असतो, म्हणून स्कॅन करायचं तर जुनी आवृत्ती धरा. तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. त्यांच्या ग्रामगीतेचं पारायण आपल्याकडे गावोगावी होतं, तरी प्रताधिकाराची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. दिवाळी अंकाचं तर विचारूच नका. त्यात लेखागणिक हक्कदार बदलू शकतो.

हक्कदाराची परवानगी मागायला संकोचू नका. पण फोनवरचं ‘हो, टाका’ पुरेसं नाही. कोणतं पुस्तक, कोणती वाचनालयं, किती काळ, डाउनलोड करता येईल की फक्त वाचता येईल, हे कागदावर घ्या. वर्गणी भरून घेतलेल्या ई-नियतकालिकाचा पासवर्ड शेजारच्या वाचनालयाला देणं ही तर सरळ करारभंगाची वाट. करारात बाहेरच्या वाचकाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

माझ्या मते सुरुवात ग्रंथसूचीपासूनच करावी. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे ही माहिती बेधडक वाटता येते, आणि खरी गरजही तिचीच असते. अडतं ते तांत्रिक बाबींत. श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसेल अशा रूपात बदला, मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘तऱ्हा’मधला ऱ दोन प्रकारे साठवला जातो, दिसतो सारखाच, पण शोधात सापडत नाही. सगळ्या यादीत एकच प्रकार ठेवा.

यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडून मराठी बिघडत असेल, तर ती ‘इम्पोर्ट’ करून यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडा. त्याच वेळी आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करा; नाहीतर तेरा आकड्यांच्या जागी ९.७८ई+१२ असं काहीतरी उमटतं आणि तसंच सेव्ह झालं की मूळ आकडा गेला. ई-ग्रंथालय किंवा कोहा ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर वापरत असाल, तर मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या नमुन्यातच नोंदी द्या.

स्कॅन ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) करा. मूळ फाइल वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि पाठवायला हलकी पीडीएफ काढा, कारण मेळघाटात शंभर एमबीची फाइल उतरता उतरता लाइन जाते. यादी पाठवण्याआधी वाचकांची नावं आणि मोबाइल नंबर असलेली शीट त्यातून काढलीय ना, तेवढं पाहा.