सिनेमाचा अभ्यास करताय? मग या चुका टाळा

'लो अँगलमुळे', म्हणजे कॅमेरा खालून वर रोखल्यामुळे, 'पात्र शक्तिशाली वाटते.' मास मीडियाच्या मुलांच्या असाइनमेंट तपासायला घेतल्या की हे वाक्य येणार म्हणजे येणारच, मग चित्रपट कुठलाही असो. त्याची भावंडंही ठरलेली: हाय अँगल (कॅमेरा वरून खाली) म्हणजे बिचारा, लाल रंग म्हणजे धोका, पाऊस म्हणजे दुःख. गाइड पाठ करून सिनेमा पाहिला की असंच होतं.

जपानी दिग्दर्शक ओझूच्या चित्रपटांत कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत असतो. त्यात कोण दांडगा वाटतो? म्हातारे आईबाप चहा पीत बसलेले असतात. कॅमेरा खाली ठेवणं वेगळं आणि खालून वर रोखणं वेगळं, एवढं तरी आधी बघा. किंवा 'कोर्ट' (2014) घ्या. कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. अंधार होतो. संपला म्हणून आपण पायाने चपला चाचपायला लागतो, तर पुढे न्यायाधीश सुट्टीच्या सहलीला निघालेले! 'वाइड शॉट परिसर दाखवतो' असं लिहून मोकळं होणाऱ्याच्या हाती यातलं काय लागणार? माझी सवय सांगतो. प्रसंग एकदा आवाज बंद करून बघायचा, एकदा डोळे मिटून ऐकायचा, मग जे दिसलं-ऐकलं तेवढंच लिहायचं. शॉट किती सेकंद टिकला तेही. पहिल्या पानावर विशेषण दिसलं की मी वही परत देतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते: 'प्रेक्षक अंतर्मुख होतात.' कोण प्रेक्षक? कुठले? तुम्ही विचारलंत त्यांना?

एका गटाने कॉलेजच्या हॉलमध्ये 'फँड्री' दाखवला आणि प्रेक्षक-प्रतिसादाचा अहवाल आणून दिला. गूगल फॉर्म, रंगीत पाय चार्ट, बाइंडिंग, सगळं झकास. निष्कर्ष: बहुसंख्य प्रेक्षक हेलावले. फॉर्ममधला प्रश्न होता, 'चित्रपटाने तुम्हाला विचार करायला लावला का?' याला 'नाही' कोण म्हणणार? मी विचारलं, डुक्कर पकडायच्या प्रसंगात हॉलमध्ये काय चाललं होतं? एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, "सर, हसत होते सगळे. पण ते अहवालात कसं लिहायचं?"

अरे, तेच तर लिहायचं! डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या, म्हणजे नायकाच्या, घरच्यांना बघून पडद्यावरचं गाव हसतं, शाळेतली पोरं हसतात, त्याला आवडणारी शालूही हसते. हॉल त्यांच्यात सामील होतो. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, ती माणसं जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निसटतं. तिथे कोणी हसलं का? हसू कुठे विरलं? शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे इतका वेळ हसणाऱ्या आपल्याकडेच. तंत्र आणि प्रतिसाद यांची गाठ इथे आहे, आणि यांनी ती गाळून पाय चार्ट रंगवला. शिवाय हॉलमधला प्रत्येकजण एकाच जागेवरून बघत नसतो. जब्याच्या घरासारख्या घरातून आलेला मुलगा त्या प्रसंगाला हसेलच असं नाही. माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉलने 1973 मध्ये मांडलेलं एन्कोडिंग-डिकोडिंग (करणारा एक अर्थ भरतो, बघणारा आपापल्या जागेवरून तो लावतो) परीक्षेपुरतं घोकता, ते वापरायची वेळ हीच. फॉर्म भरून घ्या हवं तर, पण आधी हॉलच्या कडेला उभे राहा. पडद्याकडे पाठ करून माणसांकडे बघा. हसू, खाकरणं, मोबाइलचा उजेड, वेळेसकट टिपून ठेवा.

आता किरकोळ. लाँग शॉट म्हणजे अंतर (लांबून घेतलेला), लाँग टेक म्हणजे वेळ (न तोडता बराच चाललेला). घोळ घालू नका. झूममध्ये भिंग हलतं, ट्रॉलीत कॅमेरा. कथानक चार पानं सांगू नका, मीही चित्रपट पाहिलेला असतो. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितीतली आगगाडी पाहून प्रेक्षक पळत सुटले, ही गोष्ट पुरावा म्हणून देऊ नका. तिला समकालीन आधार फारसा नाही. तीच आगगाडी 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटात दाखवली होती, त्याबद्दल वाचा की जरा. दीडपट वेगाने सिनेमा बघून संकलनाच्या लयीवर लिहिणाऱ्यांना तर मी शून्य देतो. हो, शून्यच.

राहिले यूट्यूबवरचे व्हिडिओ निबंध. बघा, पण स्वतःची टिपणं झाल्यावर. आधी बघणारा मुलगा मला लगेच ओळखू येतो. त्याला नेमके तेच तीन शॉट दिसलेले असतात, त्याच क्रमाने, आणि चौथ्याबद्दल विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो.