वनस्पती संशोधनाची उन्हाळी इंटर्नशिप: या चुका टाळा

पदवीची मुलं आठ-दहा आठवड्यांसाठी येतात. हुशार असतात, उन्हातान्हात राबायचीही तयारी असते. तरी दरवर्षी त्याच त्या ठिकाणी काम नासतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: घाई.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे "नोंदी संध्याकाळी लिहू". एका इंटर्नने दुर्मिळ झुडपाची पानं डीएनएसाठी गोळा केली होती. दोन टेकड्या पालथ्या घातल्या, पानं तोडल्या तोडल्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाकली. इथवर काम चोख. पण पाकिटांवर नुसतं १, २, ३ लिहिलेलं, आणि दुसऱ्या टेकडीवर पुन्हा १ पासून सुरुवात. परतल्यावर सगळी पाकिटं एकाच डब्यात गेली. पुढे डीएनए उत्तम निघाला, पण कोणतं पान कुठल्या टेकडीवरचं ते कोणालाच सांगता येईना. आणि दोन टेकड्यांवरच्या झुडपांत जनुकीय फरक किती, हाच तर प्रश्न होता! नमुने बाद झाले. आधीच मोजकी उरलेली ती झुडपं उगाच ओरबाडली गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

माझी सवय सांगते. माझा नमुना क्रमांक कधीच १ वर परत जात नाही. जागा बदलली, वर्ष बदललं तरी तो पुढेच चालतो. पाकिटात पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी असते, कारण अल्कोहोल सांडलं की पेनाची शाई पसरते. फुलाचा रंग, चीक, वास हे सगळं झाडासमोर उभं राहूनच लिहायचं. वाळलेल्या नमुन्यात त्यातलं फारसं काही उरत नाही. अक्षांश-रेखांश दशांशात, निदान चार स्थळांपर्यंत. चौथं स्थळ म्हणजे साधारण ११ मीटर. दोनच स्थळं लिहिलीत तर किलोमीटरभराचा परिसर धुंडाळावा लागेल. तारखेतला महिना अक्षरांत लिहा, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल यावर नंतर वाद नको.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. पाच झाडांची सहा-सहा पानं मोजायची आणि अहवालात 'नमुनासंख्या ३०' लिहायचं. ती संख्या पाचच असते. एका झाडाची पानं एकमेकांसारखी असणारच, त्यांना स्वतंत्र कसं धरणार? परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीवर सविस्तर लिहिलं, तरी ती आजही माझ्या टेबलावर येते. बियांचंही तेच: बिया रुजवायची एक पेटी २० अंशांवर, दुसरी ३० वर, प्रत्येकीत शंभर बिया. फरक दिसला तर तो तापमानाचा की पेटीचा? मी पानांची झाडागणिक सरासरी काढते आणि मगच आलेखाला हात लावते. जास्त झाडांपर्यंत चालत जायचा कंटाळा संख्याशास्त्राने भरून निघत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रुजलं नाही म्हणजे बी मेलं, असं ठरवू नका. ते सुप्तावस्थेत असू शकतं. चाचणीच्या शेवटी बी कापून आतला गर पाहा.

नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमधले टिपकागद सुरुवातीला रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

ओळख पटवायला फक्त फुलाचा फोटो काढू नका. पानाची खालची बाजू आणि पानांची मांडणीही हवी.

बी गोळा करताना त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका, आणि लेखी परवानगीशिवाय एकही घेऊ नका.

दुर्मिळ झाडाचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. ते पाहून झाड उपटून नेणारेही येतात.

शेवटच्या आठवड्यात नवा प्रयोग सुरू करू नका. ते दिवस नमुने हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) ताब्यात देण्यासाठी, मूळ तक्ता हात न लावता वेगळा जपून ठेवण्यासाठी आणि प्रत्येक रकान्यात काय आहे, कोणत्या एककात आहे, हे पुढच्या इंटर्नसाठी लिहून ठेवण्यासाठी राखा.